लिंपा गो चारी कूड

रोडपालीच्या वेणूबायला राग यायला फारसं कारण लागत नसे, आणि खरोखरीचं कारण मिळालंच तर ती ते दोन-तीन महिने पुरवून वापरी. कपाळावर दोन उभ्या आठ्या कायमच्या बसल्या होत्या. पण पनवेलपासून खाडीपर्यंतच्या गावांत तिच्या रागाचं कुणी वाईट वाटून घेत नसे, कारण ती धवलारीण होती, लग्नातली धवल्यांची गाणी म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजीला उशीर झाला तर लोक थांबत, वाजंत्री आलीच नाहीत तर तसंच भागवून नेत. धवलारीण नसेल तर मात्र हळदसुद्धा कांडली जात नसे. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी वाटेला लागेपर्यंत प्रत्येक कामाचा धवला वेगळा, आणि तो उचलायचा तिनेच. मांडवात बसून ती देवांना नावानिशी हाका मारी, डोंगरावरच्या, खाडीतल्या, शिवेवरच्या. ते येऊन बसलेत याबद्दल मांडवात कुणाला शंका नसे. लग्न उरकलं की त्यांना मानानं परत पाठवायचं कामही तिचंच.

हे सगळं तिने सासूकडून घेतलं होतं. सासू शिकवताना बोलत नसे. ओळ चुकली की मांडीला चिमटा काढी. नवरा शिवा मिठागरावर कामाला होता. एका कार्तिकात भातकापणी चालू असताना त्याला हिव भरलं, घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर घातल्या तरी त्याचे दात वाजायचे थांबेनात, आणि खळं उरकायच्या आत तो गेला. थंडीताप त्या बाजूला कुणाला नवा नव्हता. दिवाळीच्या सुमाराला घरोघर कुणी ना कुणी गोधडीत असायचंच. बायका त्याला मोसम म्हणत, जसा आंब्याचा तसा तापाचा. शिवाच्या मागे वेणूबायने जगन या एकुलत्या मुलाला वाढवलं, भामा ही सून आणली, आणि लग्नसराईत गावोगाव धवले गात राहिली.

छप्पन-सत्तावन्न सालच्या सुमाराला पनवेलला हिवतापाची योजना आली. दवा परदेशातली, जीप परदेशातली आणि सल्ला द्यायला माणसंही परदेशातली. पिठासारखी पांढरी पूड पाण्यात कालवायची आणि पंपाने घराघराच्या भिंतींवर मारायची, एवढंच काम. पण त्याला हुशार आणि दणकट माणसं हवी होती, आणि जगनला तिथे हंगामी फवारणीवाला म्हणून घेतलं. मिठागराच्या चिखलातून सुटून तो खाकी सदऱ्यात आला. भामा तो सदरा धुऊन दोरीवर टाकी तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बेताने टाकी.

अडचण भिंतींचीच होती. घरं कुडाची, कारवीच्या काठ्यांचे कूड आणि त्यावर माती-शेणाचं लिंपण. पंप मारून गेलं की त्या तपकिरी भिंतीवर पांढरे ओघळ सुकत, वर त्याचा वास. बायकांना ते डोळ्यांपुढे नको व्हायचं. त्यातून दिवाळी तोंडावर आणि दिवाळीमागून लग्नं. फवारणीवाले वेशीबाहेर पडले की बायका माती कालवायला बसत. जगनचे साहेब मागाहून पाहणीला येत, तोवर भिंती गुळगुळीत झालेल्या असत आणि दवा मातीखाली गाडली गेलेली असे. बोलणी जगनला बसत. एका पाहणीत तर साहेब थेट त्याच्याच घरी आले. तिथलेही चारही कूड ताजे लिंपलेले होते, आणि वेणूबाय शेणाच्या हातांनी ओटीवर उभी होती. जगनने घरी तोंड उघडायचा प्रयत्न केला तेव्हा तिने सांगितलं की देवांचं बसणंउठणं असलेल्या घराच्या भिंतींवर बगळे बसून गेल्यासारखे डाग ती ठेवणार नाही.

यावर उपाय शोधायला दोन माणसं नेमली गेली. एक दयाराम टिपणीस, पनवेल गावातलाच, समाजशिक्षणाच्या कामावरचा. गणपतीत नाटकं बसवणारा, पदं रचणारा, बोलायला गोड. दुसरी एडिथ नावाची अमेरिकन बाई, जिला गावं एडितबाय म्हणू लागली. ती आधी कुठल्याशा दूरच्या देशात बाहुल्यांच्या खेळातून लोकांना पाणी उकळून प्यायला शिकवून आली होती. तिचं म्हणणं असं की लोकांना भाषणं ऐकवू नका. त्यांचीच गाणी, त्यांचेच नाच हाताशी घ्या आणि त्यांतून आपलं सांगणं सांगा. टिपणीसाला हे ऐकून हर्ष झाला. आजवर ज्या नादापायी वडिलांनी त्याला वाया गेलेला म्हटलं होतं, तोच आता सरकारी काम ठरत होता. पनवेल तालुक्यात बायका कुणाचं ऐकतात याची त्याने चौकशी केली आणि जीप रोडपालीला येऊन थांबली.

एडितबाय ओटीवर मांडी घालून बसली, दिलेलं पाणी प्यायली आणि घराकडे कौतुकाने बघत राहिली. बोलला टिपणीस. तो पुष्कळ बोलला. देश नवा आहे, परदेशी लोक मदतीला आले आहेत, आणि अशा वेळी धवल्यासारखं प्रभावी माध्यम आपण वाया घालवता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं. वेणूबायने माध्यम म्हणजे काय ते जगनला विचारलं. जगनने जरा विचार करून सांगितलं की नळ असतो ना, त्यातून पाणी येतं, तसं.

"मी नल नाय," वेणूबाय म्हणाली.

मग तिने विचारलं की लग्न कुणाचं आहे. टिपणीस म्हणाला, लग्न नाही, सभा आहे. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही, म्हणून तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. लग्नावाचून धवला कसा म्हणायचा हे तिला कळेना. देवांना हाक मारायची, ते यायचे, आणि इथे ना मांडव, ना हळद, ना नवरी. ते बसणार कुठे आणि त्यांना परत कोण पाठवणार? हे टिपणीसाने एडितबायला इंग्रजीत सांगितलं. वेणूबाय इतकं बोलली आणि त्याचं इंग्रजी दोन वाक्यांत आटपलं, त्यामुळे तिची खात्री झाली की त्याने अर्धं गिळलं. एडितबाय हसून मान डोलावत होती. त्या मान डोलावण्याचा वेणूबायला सगळ्यांत जास्त राग आला.

जीप गेली. जगन त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भामाने भाकरी पुढे ठेवली तेव्हाही तो तसाच बसला आणि मग म्हणाला, "आये, यंदा भिंती र्‍हायल्या नाय तं मना परत घेनार नाय. मंग मिठागरान जावा लागंल."

मिठागर म्हणजे काय हे वेणूबायला माहीत होतं. शिवाचे पाय तिने पाहिले होते. मिठाने चिरत चिरत शेवटी जोड्यातसुद्धा न मावणारे झाले होते. तिने होकार दिला, पण अटी घातल्या. देवांची नावं घेणार नाही. चाल तेवढी धवल्याची, शब्द त्यांचे. खुर्चीवर बसणार नाही.

टिपणीसाने शब्द लिहून आणले आणि तिला लिहितावाचता येत नसल्यामुळे म्हणून दाखवले. त्याने त्यावर मेहनत घेतली होती हे खरं:

*नका लिंपू गं भिंती, ऐका शास्त्राची महती,*
*फवारणीच्या योगे होई डासांची दुर्गती.*

वेणूबायने ते एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. महती कोण आणि दुर्गती कोण, तिने विचारलं, आणि त्या दोघी बहिणी आहेत का. भामा तोंडाला पदर लावून आत गेली. पण खरी कटकट अर्थाची नव्हती, श्वासाची होती. धवल्याची ओळ लांब असते, खाडीला भरती यावी तशी सावकाश चढते आणि सोबतच्या बायका ती मध्येच झेलतात. टिपणीसाची ओळ नाटकाच्या पदासारखी तुरुतुरु पळायची. वेणूबाय सूर लावायची तर शब्द संपलेला असे, शब्द धरायची तर सूर तुटायचा. 'फवारणीच्या' या शब्दावर तर दर वेळी तिचा दम जायचा. तिने सांगितलं, शब्द बदल. टिपणीस म्हणाला, मजकूर वरून मंजूर झालाय, आता अक्षर हलवता येणार नाही. दोघंही एकमेकांवर इतकी वैतागली की भामा मध्ये चहा आणून ठेवू लागली. पण रोज तो सायकलवरून बांधावरून यायचा आणि रोज ती शिव्या घालत का होईना, सरावाला बसायची.

सभा पनवेलला शाळेच्या पटांगणात झाली. मुंबईहून मोठे साहेब आले होते, परदेशी पाहुणे आले होते. आसपासच्या गावांतल्या बायका ट्रकमधून आणल्या होत्या. आपण कशासाठी आलोत हे त्यांतल्या अर्ध्याजणींना माहीत नव्हतं, पण वेणूबाय गाणार म्हणून आल्या होत्या. बाजूला फवारणीवाले पंप घेऊन रांगेत उभे होते, त्यात जगन. एडितबायने गाणं टिपून घेणारं यंत्र आणलं होतं, पेटीएवढं, वर दोन चाकं फिरणारं. भाषणं पुष्कळ झाली. वेणूबाय सतरंजीवर बसून होती आणि दर भाषणागणिक तिच्या डोक्यातलं एक-एक कडवं गळत होतं.

तिला बोलावलं तेव्हा पहिल्या दोन ओळी तिने टिपणीसाच्याच म्हटल्या. म्हटल्या कसल्या, पार ओढून नेल्या. मग दुसरं कडवं यायला हवं होतं आणि ते आलं नाही. सूर मात्र लागलेला होता. समोर शंभर बायका पुढची ओळ झेलायला तोंड उघडून बसल्या होत्या आणि त्या सुराला आजवर ज्या ओळी लागत आल्या त्या आपोआप वर आल्या. घर लग्नासाठी सारवायला काढतात तेव्हाचा धवला:

*माती आना गो काली खाडीच्या काठाची,*
*लिंपा गो चारी कूड, येल झाली देवांची.*

बायकांनी ओळ अशी उचलली की पटांगणाच्या कडेचे टांगेवाले उठून उभे राहिले. आपण काय गातोय हे वेणूबायला तिसऱ्या ओळीलाच कळलं. पण धवला मध्ये तोडायचा नसतो. सासूने चिमटे काढून शिकवलेलं हे एवढं पक्कं होतं की तिने डोळे मिटून घेतले आणि तो शेवटपर्यंत नेला, पूर्वेची भिंत, पश्चिमेची भिंत, एक एक करून सगळी लिंपून. डोळे उघडले तेव्हा जगन पंपाच्या दांड्यावर मान टेकून उभा होता, टिपणीसाचा चेहरा पांढरा पडला होता, आणि एडितबाय डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. मोठे साहेब मराठी होते, पण त्यांना त्या लांबवलेल्या सुरातून शब्द वेगळे काढता आले नसावेत, किंवा ते पाहुण्यांशी बोलण्यात होते. त्यांनी वेणूबायला शाल आणि नारळ दिला आणि कला व विकास यांचा असा संगम आपण क्वचितच पाहिला असं सांगितलं.

वेणूबायला वाटलं की झालं ते झालं, लाज जिथली तिथे राहिली. तसं झालं नाही. आठवड्याभरात ते टिपलेलं गाणं वाजवायला जीपवर यंत्र आणि कर्णा बसला. फवारणी व्हायची त्या गावात आधी जीप जाई आणि कर्ण्यातून वेणूबायचा आवाज सुटे: लिंपा गो चारी कूड. मागून फवारणीवाले दवा मारत जात. आजवर ज्या बायका मनात थोडी भीती ठेवून लिंपत होत्या, त्यांना आता खुद्द सरकारची जीप आणि खुद्द वेणूबाय सांगत होती. कळंबोलीत म्हणे दवा ओली असतानाच बायकांनी मातीचे हात फिरवले, आणि जगनने अडवलं तेव्हा त्यांनी जीपकडे बोट दाखवलं.

जगन हे सांगून डोकं धरून बसला. वेणूबायने पदर खोचला आणि पनवेलची वाट धरली.

कचेरीत पोचल्यावर पहिल्या टेबलावरच्या माणसाने तिला ओळखलं आणि उठून नमस्कार केला. तिने सांगितलं की भोंग्यातलं गाणं उलटं आहे. तो म्हणाला, तुमच्यामुळे पनवेलचं नाव दिल्लीला पोचलं. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्याने तिला आत पाठवलं. आतल्या माणसाने चहा मागवला आणि गाणं फारच गोड आहे, आमच्या घरातलेही ऐकायला गॅलरीत येतात असं सांगितलं. तिने विचारलं, ऐकता तर शब्द कानात जातात का. तो हसला, म्हणाला, शब्द आमच्या टिपणीसांचे ना, मंजूर झालेले आहेत. वेणूबायला आयुष्यात प्रथमच कळेना की भांडायचं कसं. जो येई तो तिची स्तुती करी. शिव्या घालणाऱ्याशी तिचं चांगलं जमे. ही माणसं हसत हसत तिला दाराकडे वळवत होती. कचेरीच्या साहेबांच्या दारावरच्या शिपायाने साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात आतून साहेबांचा खोकला ऐकू आला.

टिपणीस तिला बाहेर भेटला, सायकलला टेकून उभा. ती सांगायला लागली तर त्याने अडवलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दोनदा सांगितलं मी. साहेब म्हणाले, रिपोर्ट गेलाय, पाहुणे खूश आहेत, आता उगाच घोळ नको. लोक जमतात ना जीपभोवती, मग झालं."

"आन् ती बाय?"

"ती दिल्लीला आहे. तुमचं गाणं तिकडे सभेत ऐकवते आहे."

घरापर्यंत सगळी वाट वेणूबाय स्वतःशी मोठमोठ्याने बोलत आली, इतकी की बांधावरच्या बायका बाजूला झाल्या.

कार्तिक लागला आणि ताप आला. रोडपालीत आला, कळंबोलीत आला, नेहमीसारखा आला. वेणूबायच्या घरात तो भामाला आला. एका दुपारी कणग्यांजवळ बसल्या बसल्या तिचे दात वाजायला लागले. वेणूबायने घरातल्या गोधड्या तिच्या अंगावर टाकल्या आणि हे आपण आधी केलेलं आहे हे तिच्या हातांना आठवलं. जगन सायकल मागून घेऊन पनवेलला पळाला.

त्याच्याबरोबर टिपणीस गोळ्या घेऊन आला. गोळ्या कडू जहर होत्या. भामाने एक थुंकली. वेणूबायने तिचं तोंड धरून दुसरी घातली. घाम फुटून भामा झोपली, तेव्हा तिघं ओटीवर येऊन बसली. वेणूबायने विचारलं की एवढी दवा मारली, घर सगळं बाटवलं, तरी ताप आलाच कसा. तिच्या विचारण्यात नेहमीची धार नव्हती, म्हणून टिपणीसही साधेपणाने बोलला.

"डास माणसाला चावतो ना, की त्याचं पोट जड होतं. लांब उडवत नाही. मग तो जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीवर दवा असली तर तिथेच मरतो आणि दुसऱ्याला चावायला उरत नाही. दवेवर माती असली तर आरामात बसतो आणि मग पुढच्या अंथरुणाकडे जातो."

वेणूबायने मागे वळून आपल्या कुडाकडे पाहिलं. गुळगुळीत होता. बोटांचे अर्धचंद्र एकाखाली एक नीट उमटलेले, तिच्याच बोटांचे.

"ह्या आदी का नाय सांगला?"

"सांगितलं होतं की. दुसऱ्या कडव्यात आहे. 'भित्तिका त्याचे विश्रामस्थान.'"

वेणूबायने टिपणीसाला जे सुनावलं ते इथे देण्यासारखं नाही. महिनाभर रोज बांधावरून येऊन हा माणूस तिच्या ओटीवर चहा पीत होता, देश आणि माध्यम आणि महती करत होता, आणि डास भिंतीवर टेकतो हे चार शब्द त्याला नीट बोलता आले नव्हते. टिपणीस खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, चुकलं. मग म्हणाला, पण तुम्हीही एकदा विचारायचं होतं, दवा भिंतीवरच का मारतात म्हणून. ते खरं होतं, आणि त्याचा वेणूबायला पुन्हा राग आला.

भामा उठली, बारीक होऊन उठली. त्याच सराईत कळंबोलीच्या दाजी पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं आणि धवल्यांना वेणूबायला बोलावणं आलं. दाजीच्या घरी नुकतीच फवारणी होऊन गेली होती. अंगणात काळ्या मातीचा ढीग कालवून तयार होता, बायका बाह्या सारून बसल्या होत्या, आणि वेणूबायने सूर लावायची खोटी होती. तिने लावला. चाल तीच, भरती तीच:

*वटी लिंपा गो, आंगन लिंपा, लिंपा चुलीचा काठ,*
*कुडान घेतला पांडरा शेला, त्याची सोरा गो वाट.*

हे तिने कधी जुळवलं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं; भामाच्या उशाशी बसून असताना केव्हातरी. बायकांनी सवयीने ओळ उचलली आणि मग एकेकीचा आवाज बंद पडला. हातात मातीचे गोळे घेऊन त्या एकमेकींकडे बघू लागल्या. दाजीची बहीण कमळाबाई पुढे आली. ती स्वतः थोडेफार धवले म्हणत असे, आणि वेणूबायच्या जागी आपल्याला बोलावलं असतं तर बरं झालं असतं असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. यो कंचा धवला, तिने विचारलं. आईने म्हटला नाही, आजीने म्हटला नाही. भोंग्यातून लिंपा म्हणून गावभर सांगतेस आणि आमच्या पोरीच्या लग्नात भिंती घाण ठेवायला सांगतेस? वेणूबाय गाणं तोडत नव्हती, त्यामुळे ती उत्तरही देऊ शकत नव्हती. ती तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि कमळाबाई समोर उभी राहून भांडत राहिली. दाजी आला. देव येणार आहेत आणि भिंतींचं हे असं, म्हणून तोही रागावला.

तेव्हा वेणूबायने ओळ संपवली, देवांची नावं घेऊन हाका मारायला सुरुवात केली, आणि मग दाजीकडे वळून म्हणाली, "आता ते आलं. त्याह्ना कूड चालतो. तुला चालत नसल तं तू त्याह्ना सांग."

हे दाजीला काही सांगता येईना. पण कमळाबाईही मागे हटेना. भांडण इतकं लांबलं की हळद तशीच राहिली आणि नवऱ्याकडची माणसं येऊन ठेपली. शेवटी दाजीनेच तोड काढली: कूड गुडघ्यापर्यंत लिंपायचे, वर दवा तशीच. गुडघ्याखाली धवलारणीचा जुना धवला आणि गुडघ्यावर नवा. बायकांनी भराभर तसं करून टाकलं. ते घर धोतर नेसल्यासारखं दिसू लागलं.

जगनने हे पाहून कपाळावर हात मारला. डास बसतात ते बहुतेक खालच्याच बाजूला, त्याला शिकवलं होतं. वेणूबाय म्हणाली, मग आता त्याच्यासाठी वेगळा धवला रच आणि तूच म्हण.

तरी ती अर्धी भिंत हळूहळू बाकीच्या गावांत गेली. कुठे गुडघ्यापर्यंत, कुठे वीतभर, दोन-चार घरांत काहीच नाही. जीपवरचं यंत्र पुढच्या उन्हाळ्यात नादुरुस्त झालं आणि ते दुरुस्त करायला सुटा भाग परदेशातून यायचा होता, तो आला नाही. पुढची दोन-तीन वर्षं ताप कमी कमी होत गेला. जगनला पुढे कायम केलं. तो म्हणायचा, दवेने ताप गेला. कचेरीतली माणसं म्हणायची, लोकगीताने गेला, आणि दिल्लीत छापलेल्या कुठल्याशा पुस्तिकेत वेणूबायचा डोळे मिटलेला फोटो आला. खाली गाण्याचं इंग्रजी भाषांतर होतं; टिपणीसाने ते जगनला वाचून दाखवलं तेव्हा त्यात भिंती लिंपू नका असंच होतं. वेणूबायला कुणी विचारलं तर ती म्हणायची, मी काय डास मोजायला बसले होते?

एडितबाय एकदा परत येऊन गेली. ती दुसऱ्या देशात निघाली होती आणि निरोप घ्यायला मुद्दाम रोडपालीपर्यंत आली होती. दुभाष्या नवीन होता. वेणूबायने त्याला बजावलं की एक अक्षर गाळायचं नाही, आणि मग सगळं सांगितलं: चुकलेला धवला, जीप, कचेरीतला चहा, भामाचा ताप, दाजीच्या भिंती. एडितबायने सगळं ऐकलं. तिचा चेहरा लाल झाला. तिने विचारलं की हे मला कुणीच का सांगितलं नाही. वेणूबायने तिला ओटीवर नीट बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाली की बाय, तू मान डोलवत होतीस. दुभाष्याने तेही सांगितलं. एडितबाय मान डोलवायला गेली आणि थांबली. जाताना तिने नवा धवला ऐकवायला सांगितलं, पण यंत्र आणलं नव्हतं. वेणूबायने दोन ओळी म्हटल्या, देवांची नावं न घेता.

त्यानंतर टिपणीसाची बदली झाली आणि संडासांची योजना आली. नवीन माणूस वेणूबायकडे गाण्यासाठी आला तेव्हा तिने त्याला आधी दोन तास संडासाबद्दलच प्रश्न विचारले, खड्डा किती, पाणी कुठून, भरल्यावर काय. तो पुन्हा आला नाही.

साठ सालानंतर गावांत विटांची घरं दिसू लागली, मांडवांत लाऊडस्पीकर आले. वेणूबायचा आवाज फाटायला लागला, तशी भामा तिच्या शेजारी बसून धवले उचलू लागली. भामाचा गळा बारीक आणि गोड. वेणूबायच्या मते धवल्याला गोड गळा म्हणजे कालवणात साखर. त्यातून भामाची एक खोड होती. घर सारवायच्या वेळी ती आधी जुना धवला म्हणायची, चारी कूड लिंपा, आणि लगेच पाठोपाठ नवा, कुडाची वाट सोडा. बायकांना दोन्ही आवडत. त्या दोन्ही झेलत आणि भिंतींचं त्यांच्या मनाला येईल तसं करत.

कामोठ्याच्या एका लग्नात वेणूबाय मेढीला टेकून हे ऐकत होती आणि तिच्या आठ्या वर चढत होत्या. शेवटी तिने भामाला ढोसलं.

"कंचातरी येक गा. लिंपू का नको लिंपू, लोकांनी समजावा काय?"

"दोन्ही तुमचेच हान ना?" भामा म्हणाली. "मंग मी कंचा टाकू?"

वेणूबायने तोंड फिरवलं, पाणी मागितलं, पाणी कोमट आहे म्हणून मांडववाल्याला बोलली. तोवर भामाचा सूर वरच्या टोकाला जाऊन डळमळायला लागला होता. वेणूबायने चडफडत पेला खाली ठेवला आणि आपल्या फाटक्या आवाजाने तो सूर खालून उचलून धरला.